स्नेहसंमेलनातले समूहगीत सगळ्या वर्गाचे असावे

पत्र : "मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा चौथीपर्यंतची आहे. मी संगीत शिकलेले नाही, तरी स्नेहसंमेलनातील समूहगीताची जबाबदारी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी सुरात गाणारी दहा-बारा मुले निवडून पुढे उभी केली आणि मागच्यांना नुसते ओठ हलवायला सांगितले. त्यांपैकी एक मुलगा आता तिसरीत आहे. तो तेव्हापासून परिपाठातही गात नाही. त्याच्या आईने मला त्याबद्दल विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदाही मुख्याध्यापकांचे म्हणणे निवड करावी असेच आहे. गावकऱ्यांना स्पीकरवरच्या गाण्यांवर नाच हवे आहेत, आणि एका पालकांना गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या आपल्या मुलीचे एकल गायन हवे आहे. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुले शाळेत येतात, त्यांना कार्यक्रमात कसे घ्यावे हेही कळत नाही. शाळेत भाता फाटलेली एक पेटी आणि एक ढोलकी आहे. निवड करावी का? आणि मी गाणे शिकवावे तरी कसे?"

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातील समूहगीतासाठी मुलांची निवड करू नका. वर्गातले प्रत्येक मूल आवाज काढून गाईल आणि कोणालाही ओठ हलवायला सांगितले जाणार नाही, हे तुम्ही आणि मुख्याध्यापकांनी तालीम सुरू होण्यापूर्वीच ठरवून टाका.

काही मुलांना सूर असतो आणि काहींना तो नसतोच, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. लहानपणी 'बेसूर' असा शिक्का बसलेली माणसे पन्नाशीतही आपल्याला गाता येत नाही असे सांगत राहतात, आणि पुढे स्वतःच्या लेकरांसमोरही गुणगुणत नाहीत. वास्तविक, कानाने ऐकलेला स्वर गळ्यातून तसाच काढणे हे सरावाने येणारे कौशल्य आहे. सहा-सात वर्षांच्या अनेक मुलांना ते साधलेले नसते. ज्या घरात आजी पाळणे म्हणते किंवा वडील भजनाला जातात, त्या घरातल्या मुलाला ते लवकर साधते आणि इतरांना थोडे उशिरा. स्वरांतला फरक मुळीच न जाणवणारी माणसे असतात, पण ती फार थोडी. पहिलीतल्या मुलाचे अक्षर रेघेवर बसत नाही म्हणून आपण त्याला कागदाला पेन्सिल न टेकवता नुसता हात फिरव असे सांगत नाही. उलट त्यालाच जास्त गिरवायला देतो. गाण्याच्या बाबतीत मात्र ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच सराव आपण बंद करतो.

मुख्याध्यापकांना हे पटवताना कार्यक्रम चांगला दिसावा या त्यांच्या इच्छेचा मान राखा, कारण ती इच्छा रास्त आहे. त्यांना सांगा की नीट बसवलेले गाणे चाळीस मुलांनी गायले तर ते दहा मुलांच्या गाण्याइतकेच सुरेल होऊ शकते आणि भरदारही होते. आवश्यक वाटल्यास त्यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २९ दाखवा. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील हे पाहण्यास ते कलम सांगते. शाळांच्या केंद्र किंवा तालुका पातळीवरच्या समूहगान स्पर्धेत गाणाऱ्यांची संख्या ठरवून दिलेली असेल, तर तिथे निवड करावीच लागेल, आणि ती उघडपणे, कारण सांगून करावी. स्नेहसंमेलन ही स्पर्धा नव्हे.

आता त्या तिसरीतल्या मुलाविषयी. त्याला सगळ्या वर्गासमोर एकट्याने गायला लावू नका, आणि सर्वांदेखत त्याची समजूतही काढू नका. मधल्या सुट्टीत त्याला सहज जवळ बोलवा आणि एवढेच सांगा, "गेल्या वर्षी तुला गाऊ दिलं नाही, ते चुकलंच. यंदा मला तुझा आवाज पाहिजे." मोठ्या माणसाने इतके स्पष्ट बोलणे मुलांना पुरते. मग त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राला लांब हेल काढून हाक मारायला सांगा. सुरात न गाणारी पुष्कळ मुले गातानाही बोलण्याच्याच खालच्या पट्टीत अडकलेली असतात. हाक मारताना मात्र त्यांचा आवाज आपोआप वर चढतो आणि लांबतो. तो लांबलेला स्वर तुम्ही लगेच पकडा, त्याच उंचीवर 'आ' म्हणा आणि त्याला तुमच्याबरोबर तो धरून ठेवू द्या. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कानाला जे जाणवते, ते त्याला त्या क्षणी स्वतःला जाणवेल. तेथून एक स्वर वर, मग एक स्वर खाली, असे हळूहळू न्या. सुरुवातीला त्याने तुमच्या स्वराकडे येण्यापेक्षा तुम्ही त्याच्या स्वराकडे जाणे महत्त्वाचे आहे, कारण त्याला आधी स्वर जुळल्याचा अनुभव हवा आहे.

याचाच खेळ सगळ्या वर्गाबरोबर करता येईल. रोज एका मुलाने आपल्याला हवा तो स्वर लावायचा आणि इतरांनी तो ओळखून त्यात आपला आवाज मिसळायचा. या मुलाची पाळी आली की त्या दिवसापुरता सगळा वर्ग त्याच्या सुरात गाईल. समूहगीताच्या वेळी त्याला स्थिर आवाजाच्या दोन मुलांच्या मध्ये उभे करा, मोठ्याने गाणाऱ्या मुलांच्या शेजारी नको, कारण तिथे त्याला स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही. काही आठवड्यांत फरक पडतो. एखाद्या मुलाला वर्ष लागते. इतके करूनही एखादे मूल प्रतिसाद देत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, त्याचा कान वाहत असेल किंवा सर्दी वारंवार होत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याची श्रवणतपासणी आवर्जून करून घ्या.

माझ्या अनुभवात प्राथमिक शाळेतले गाणे बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण मुलांचा गळा हे नसते. पट्टी, म्हणजे गाण्याच्या 'सा'ची उंची, चुकीची धरलेली असते. शिक्षिका आपल्याला सोयीच्या पट्टीत गाणे सुरू करतात. गाणे न शिकलेल्या स्त्रियांचा आवाज बहुधा पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी काळी चार किंवा काळी पाच या खालच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, बसतो, आणि गाण्याचा सुरुवातीचा भाग तिथे असला की मुलांच्या गळ्याला तो फार खाली पडतो. मग निम्मी मुले पुटपुटतात आणि उरलेली मिळेल त्या स्वरात ओरडतात, आणि आपण म्हणतो की मुले बेसूर आहेत. लहान मुलांच्या स्वरतंतूंची लांबी कमी असते, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच उंच असतो. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी षड्ज पेटीवर त्याच्या वर येणाऱ्या काळी एक ते काळी दोनच्या आसपास ठेवा, आणि चाल तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत, जात असेल तर पांढरी एक किंवा काळी एकच्या वर जाऊ नका.

राष्ट्रगीताचेच उदाहरण घ्या. त्याची चाल खाली मंद्र निषादाला, म्हणजे मूळ 'सा'च्या खालच्या 'नी'ला, स्पर्श करते आणि अखेरीस ओळीने येणाऱ्या 'जय हे'च्या आरंभी तार षड्जाला पोहोचते. सुमारे ५२ सेकंदांच्या त्या गीतात एका सप्तकाहून, म्हणजे 'सा' ते वरच्या 'सा'पर्यंतच्या अंतराहून, अधिक विस्तार आहे. ते कोणताही आधारस्वर न घेता, मनात येईल तिथून सुरू केले, तर एक तर सुरुवात ऐकू येत नाही किंवा शेवटी किंचाळी निघते. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून अंगीकारलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' तर पुष्कळ शाळांत आवेशाच्या नावाखाली अक्षरशः ओरडले जाते. उद्यापासून एकच करा. परिपाठापूर्वी मोबाईलवर तानपुऱ्याचे एखादे मोफत ॲप काळी एकला लावा, मुलांना तो स्वर क्षणभर ऐकू द्या, हलकेच 'सा' म्हणवून घ्या आणि मग राष्ट्रगीत सुरू करा. तुम्हाला स्वतःला त्या उंचीवर गाणे जड जात असेल, तर सुरुवातीची ओळ एखाद्या स्थिर आवाजाच्या मुलीला उचलायला सांगा. एवढ्याने परिपाठ किती बदलतो हे तुम्ही स्वतःच ऐकाल.

तुम्ही संगीत शिकलेल्या नाहीत याचे दडपण घेऊ नका. प्राथमिक वर्गाला गाणे शिकवण्यासाठी रागांचे ज्ञान लागत नाही. स्वच्छ उच्चार, एक स्थिर पट्टी आणि ऐकण्याची तयारी लागते. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. बहुतेक शिक्षक मुलांबरोबर सतत स्वतःही गात राहतात, त्यामुळे मुले काय गात आहेत हे त्यांना कळतच नाही, आणि मुलांनाही स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागत नाही. आधी संपूर्ण गाणे तुम्ही एकट्याने दोनदा गाऊन दाखवा, मुलांना फक्त ऐकू द्या. मग एक ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. मुले म्हणत असताना तुमचे तोंड बंद आणि कान उघडे असू द्या. कोणती जागा घसरते ते लक्षात ठेवा आणि तेवढाच तुकडा सावकाश पुन्हा म्हणवून घ्या, पूर्ण गाणे पुन्हा पहिल्यापासून नको. शब्द न म्हणता नुसत्या 'ला ला'वर चाल म्हणवून घेतली की कुठे गडबड होते ते पटकन कळते.

स्वरांचा थोडा सराव द्यावा असे वाटले, तर सा रे ग प ध हे भूप रागाचे पाचच स्वर घ्या. त्यांत मध्यम (म) आणि निषाद (नी) नसल्यामुळे अर्ध्या स्वराच्या अंतराची अडचण येत नाही आणि नवख्या गळ्यालाही ते सुखाने बसतात. 'सारेग, रेगप, गपध, पधसां' एवढा एक अलंकार, म्हणजे स्वरांचा पाठ, चढता आणि मग त्याच वाटेने उतरता, सावकाश म्हणा. बरेच दिवस तो पुरतो.

लय शिकवायला ढोलकी आहेच, पण त्याआधी तोंडाने बोल म्हणवून घ्या. सहा मात्रांचा, म्हणजे सहा ठोक्यांचा, दादरा 'धा धि ना, धा ति ना' आणि आठ मात्रांचा केहरवा 'धा गे न ति, न क धि न', हे दोन ठेके आले की मुलांच्या बहुतेक गाण्यांना पुरे होतात. पहिल्या मात्रेला टाळी द्यायची आणि 'खाली' या टाळीविना मात्रेला, म्हणजे दादऱ्यात चौथ्या व केहरव्यात पाचव्या मात्रेला, हात नुसता बाहेर सोडायचा. वर्गाचे दोन गट करा. एकाने बोल म्हणावेत, दुसऱ्याने गाणे म्हणावे, मग अदलाबदल करावी. तुमच्या भागात हलगी-घुमक्यावर लेझीम खेळलेली मुले असतील, त्यांच्या अंगात लय आधीच भिनलेली असते. त्यांना पुढे घ्या. अभ्यासात मागे पडणारी दोन-तीन मुले तिथे वर्गाला शिकवताना दिसतील.

आठवड्यातून एकदा तासभर तालीम घेण्यापेक्षा रोज दहा मिनिटे गाणे कितीतरी जास्त उपयोगी पडते. संमेलनाच्या आधीच्या आठवड्यांत दिवस दिवस तालीम चालते आणि ऐन कार्यक्रमाला निम्म्या मुलांचे घसे बसलेले असतात, हे दृश्य मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. लहान मुलांना सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त गायला लावू नका, मध्ये पाणी प्यायला सोडा आणि "अजून मोठ्यानं" हे शब्द तालमीतून काढूनच टाका. त्याऐवजी "शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोहोचू द्या" म्हणा. मुले तोंड उघडून स्पष्ट उच्चारतात आणि आवाज आपसूक पोहोचतो. एखाद्या मुलाचा आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला, तर पालकांना त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला सांगा.

गाण्याच्या निवडीत मी थोडी आग्रही आहे. मोठ्या गायक-गायिकांच्या ध्वनिमुद्रणांवरून घेतलेली चित्रपटगीते लहान मुलांना देऊ नयेत. त्यांचा विस्तार मोठा असतो, पट्टी मोठ्यांच्या गळ्याला बेतलेली असते, आणि शब्द अनेकदा मुलांच्या जगातले नसतात. पाच-सहा स्वरांत फिरणारी, छोट्या ओळींची, पुनरावृत्ती असलेली गाणी शोधा, आणि ती शोधण्यासाठी मोबाईलच्या आधी गावात जा. मुलांना घरच्या कामासाठी सांगा की आजीकडून जात्यावरची एखादी ओवी, भोंडल्याचे गाणे, पाळणा किंवा वासुदेवाचे गाणे ऐकून यायचे आणि वर्गात म्हणून दाखवायचे. या चाली पिढ्यान्‌पिढ्या न शिकलेल्या गळ्यांनीच घडवल्या आहेत, त्यामुळे त्या मुलांच्या गळ्याला अचूक बसतात. आजीने जसे शब्द सांगितले तसेच ठेवा. पुस्तकी शुद्धतेसाठी ते बदलू नका. एखादी आजी वर्गात यायला तयार झाली, तर तिला जरूर बोलवा आणि तिच्याच पट्टीत मुलांना ऐकू द्या; मग गाणे मुलांच्या पट्टीत आणा.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न इथेच सुटायला लागेल. हंगाम सुरू झाल्यावर बीडकडून किंवा जतकडून आलेली ही मुले वर्गात उशिरा बसतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की निघून जातात. त्यामुळे त्यांना कार्यक्रमात 'घेणे' ही नंतरची सोय होऊन बसते, कुठेतरी शेवटच्या ओळीत. ती आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना त्यांच्या घरची गाणी विचारा आणि त्यांतले एक गाणे समूहगीत म्हणून सगळ्या वर्गाला शिकवा. शिकवणारी ती मुले असतील, शिकणारा सगळा वर्ग असेल. कोणते मूल कार्यक्रमापर्यंत गावात राहील हे ठरलेले नसते, म्हणून गाणे एकट्या मुलावर बेतू नका. मुले आधी निघून गेली तरी गाणे वर्गाकडे राहील आणि संमेलनात ते कोणी शिकवले हे त्यांच्या नावांनिशी सांगता येईल. संमेलनाची तारीख तुमच्या हातात असेल, तर ती पट्टा पडण्याच्या बरीच आधी घ्या.

स्पीकरवरच्या नाचांना सरसकट विरोध करू नका. त्याने गावाशी उगाच वाद होईल आणि मुलांचाही हिरमोड होईल. मात्र ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचताना मुलांचा आवाज कुठेच नसतो हे पालकसभेत शांतपणे मांडा आणि निदान निम्मा कार्यक्रम मुलांच्या गाण्या-वाजवण्याचा असेल असे ठरवून घ्या. लेझीम, भोंडला, ओव्यांवर रचलेला छोटा प्रवेश यांत नाच आणि गाणे दोन्ही येतात, आणि प्रेक्षक खिळून राहतात. क्रम लावताना समूहगीत पहिले ठेवा, कारण स्पीकरवरचे मोठे आवाज ऐकल्यानंतर मुलांचे कोवळे आवाज प्रेक्षकांच्या कानात शिरत नाहीत. मंडपवाल्याला आधीच सांगा की गाण्याच्या वेळी आवाज वाढवू नये. एकच माईक एका मुलाच्या तोंडासमोर दिला की त्या मुलाचेच गाणे ऐकू येते. दोन माईक असतील तर ते थोडे दूर, मुलांच्या डोक्यांच्या उंचीहून वर, दोन्ही बाजूंना लावा. शाळेच्या व्हरांड्यात किंवा बंदिस्त अंगणात कार्यक्रम असेल, तर समूहगीताला माईक नसला तरी चालेल.

क्लासला जाणाऱ्या मुलीच्या पालकांना नाराज करण्याचे कारण नाही. तिची मेहनत खरी आहे आणि तिला एक छोटे एकल गीत मिळायला हरकत नाही. पण समूहगीतात तिला माईकजवळ उभे करून सगळ्यांचे गाणे तिच्यावर टाकू नका. सवाल-जवाबाच्या चालीच्या गाण्यात एकेक ओळ वेगवेगळ्या मुलांना द्या, त्यांत तीही असेल आणि तो तिसरीतला मुलगाही असेल. त्याची ओळ आरंभीच्या दोन-तीन स्वरांत बसणारी निवडा.

पेटीसाठी तुम्हाला लांब जावे लागणार नाही. मिरज तुमच्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या त्या गावात पेटीचा भाता बदलून स्वर जुळवून देणारे कारागीरही विचारल्यास सापडतील. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. शाळेच्या अनुदानातून किंवा लोकवर्गणीतून तो भागवता येईल. पेटी दुरुस्त होईपर्यंत गावच्या भजनी मंडळातील पेटीवाल्यांना आठवड्यातून एखाद्या सकाळी बोलवा. ते आनंदाने येतील असे मला वाटते. त्यांना दोन गोष्टी आधी सांगा. मंडळाची नेहमीची पट्टी न धरता मुलांसाठी काळी एक धरावी, आणि मुले गात असताना पेटीवर पूर्ण चाल वाजवत राहू नये. षड्ज द्यावा, पहिली ओळ वाजवावी आणि हात उचलावा. ठेका धरायला मंडळातले टाळकरी दोघे-तिघे आले तर फारच छान, मात्र त्यांनी टाळ हलक्या हाताने वाजवावेत आणि तालमीला निदान दोनदा तरी यावे, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मुले त्यांच्या लयीला बुजणार नाहीत.